थांबलेली नदी : सुरतच्या तापीतील जीवसृष्टी
गोड्या पाण्यातील जीवन : लेखांक ९

मागील लेखांकात प्रवाही आणि स्थिर अशा दोन जलाधिवासांतील फरक पाहिला. प्रवाही पाण्यात दगडाला, वाळूला किंवा वनस्पतीला धरून राहणारे जीव टिकतात, तर स्थिर पाण्यात तरंगत जगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, म्हणजेच प्लवकांना, वाढीसाठी आवश्यक असणारा अवधी मिळतो. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराचा आयुष्यभर अभ्यास करून फ्रान्स्वा फोरेल यांनी १८९२ पासून तीन खंडांत जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून सरोवरविज्ञानाचा पाया घातला गेला. नद्यांच्या जीवशास्त्राला मात्र स्वतःची सैद्धांतिक चौकट मिळण्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या दोन्ही शाखांच्या सीमेवर उभे असलेले पाणी कसे असते, हे समजून घेण्यासाठी सुरत शहराजवळची तापी हे अतिशय बोलके उदाहरण आहे.

मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. तिच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात मोडतो, त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या शेतांतून व गावांतून जे काही नदीत उतरते, त्याचा काही अंश पुढे गुजरातेत पोहोचतो. या प्रवासात नदी अनेक ठिकाणी अडवली गेली आहे : हतनूरचे धरण, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेज, १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण, त्याच्या खाली सुमारे २९ किलोमीटरवर असलेला काकरापारचा बंधारा आणि अखेरीस सुरत शहरातच रांदेर व सिंगणपोर यांच्या दरम्यान बांधलेला विअर-कम-कॉजवे, म्हणजे ज्याच्या माथ्यावरून रस्ता जातो असा बंधारा. पावसाळ्यात नदीचे पाणी या रस्त्यावरून वाहू लागले की तेथील वाहतूक बंद करावी लागते; उरलेल्या वर्षात मात्र बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्याचा लांबलचक साठा उभा राहतो आणि खालच्या अंगाला समुद्राची भरती-ओहोटी चालते.

हा बंधारा बांधण्यामागचा हेतू उघड आहे. भरतीचे खारे पाणी वर चढू नये आणि वाढत्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रांना बारमाही गोडे पाणी मिळावे, हा तो हेतू होय, आणि तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. परंतु जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्याच वेळी नदीच्या एका तुकड्याचे तलावात रूपांतर झाले. रॉबिन व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये असे प्रतिपादन केले होते की उगमापासून मुखापर्यंत नदीतील परिस्थिती क्रमाक्रमाने बदलत जाते आणि तिच्यातील जीवसमूहही त्याच क्रमाने बदलतात. १९८३ मध्ये वॉर्ड व स्टॅनफर्ड या शास्त्रज्ञांनी या सिद्धांताला पुरवणी जोडली : प्रत्येक धरण हा क्रम तोडते, पाण्याचे तापमान, गाळ आणि अन्न यांची मांडणी बदलते, आणि ओळीने धरणे असलेली नदी ही अशा तुटलेल्या तुकड्यांची मालिका बनते. तापी ही अशीच मालिका आहे आणि सिंगणपोरच्या वरचा साठा हा तिचा गोड्या पाण्यातील शेवटचा तुकडा आहे.

पाणी थांबले की पहिला बदल गाळात होतो. वेग कमी झाल्यामुळे पाण्यातील मातीचे कण तळाशी बसतात, पाणी निवळते आणि सूर्यप्रकाश अधिक खोलवर पोहोचतो. दुसरा बदल अवधीचा असतो. सूक्ष्म शैवालांच्या पेशींची संख्या दुप्पट होण्यास अनुकूल स्थितीत एखादा दिवस किंवा काही दिवस लागतात. वाहत्या नदीत तेवढ्या वेळात त्या कितीतरी पुढे वाहून गेलेल्या असतात, पण साठ्यात त्या तेथेच राहून वाढत जातात. तिसरा घटक अन्नाचा. काठावरील वस्त्यांचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते यांतून नायट्रोजन व फॉस्फरस मिळतात. प्रकाश, अवधी आणि पोषकद्रव्ये अशी तिन्ही एकत्र आली की पाण्यातील वनस्पतींची बेसुमार वाढ होते, आणि या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. नाव शुभ वाटले तरी पाण्याच्या दृष्टीने हा आजारच आहे.

सुरतेत या आजाराचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन खोऱ्याची ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली. फुगीर, हवेने भरलेल्या देठांमुळे ती तरंगते, तंतूंसारख्या आडव्या खोडांवाटे नवी रोपे तयार करते आणि पोषक पाण्यात साधारण दोन आठवड्यांत आपले क्षेत्र दुप्पट करू शकते. वाहत्या नदीत पूर तिला समुद्राकडे ढकलून देतो. बंधाऱ्यामागे मात्र पावसाळा संपल्यावर ती ठाण मांडून बसते आणि यंत्रांनी काढावी लागते. तिच्या गालिच्याखाली प्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे तेथील शैवालांकडून ऑक्सिजनची निर्मिती थांबते. मेलेली पाने कुजताना उरलेला ऑक्सिजनही खर्ची पडतो. तथापि तिच्या मुळांच्या जाळीत गोगलगायी, चतुरांच्या व टाचण्यांच्या अळ्या आणि लहान संधिपाद प्राणी आश्रय घेतात, म्हणून ती पूर्णपणे निर्जीव भिंत आहे असेही म्हणता येत नाही.

पाण्यातील ऑक्सिजन मोजण्याची उत्कृष्ट पद्धत हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडली आणि ती आजही प्रयोगशाळांत वापरली जाते. काचेच्या बुचाची बाटली हवेचा एकही बुडबुडा न राहील अशी काठोकाठ भरून तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड यांची द्रावणे सोडली जातात. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. नंतर आम्ल घातले की साका विरघळून ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मुक्त होते आणि ते सोडियम थायोसल्फेटच्या साहाय्याने मोजले जाते. अखेरीस घातलेल्या स्टार्चमुळे आलेला निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो, तेथे मोजणी संपते. तीस अंश सेल्सिअस तापमानाचे गोडे पाणी एका लिटरमध्ये सुमारे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन सामावून घेऊ शकते, म्हणजे दक्षिण गुजरातच्या उन्हाळ्यात पाण्याची ही क्षमता मुळातच मर्यादित असते. शैवालांनी भरलेल्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन या मर्यादेच्याही वर जातो, रात्री प्रकाशसंश्लेषण थांबून केवळ श्वसन चालू राहते आणि पहाटे तो नीचांकाला पोहोचतो. म्हणूनच मासे बहुधा पहाटे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसतात, आणि दुपारी घेतलेल्या नमुन्याचा अहवाल निर्दोष असूनही पाणी आजारी असू शकते.

ही उणीव तळजीव भरून काढतात. तळाच्या गाळात व दगडांवर राहणारे, नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे अपृष्ठवंशी प्राणी म्हणजे तळजीव. ते आठवडे, महिने एकाच जागी राहत असल्यामुळे मधल्या काळातील प्रत्येक वाईट पहाट त्यांनी सोसलेली असते. दगडमाशी आणि मेफ्लाय यांच्या अळ्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो, त्यामुळे पाणी बिघडू लागताच त्या प्रथम नाहीशा होतात. याउलट कायरोनोमस या न चावणाऱ्या डाससदृश माशीच्या अळ्यांच्या शरीरद्रवात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लाल दिसतात आणि ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या गाळातही तग धरतात. ट्युबिफेक्स हे बारीक कृमी डोके चिखलात खुपसून शेपटी पाण्यात हलवत ठेवतात आणि तिच्यावाटे श्वसन करतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये या प्राण्यांच्या प्रत्येक कुळाला सहनशीलतेनुसार एक ते दहा असे गुण देणारी पद्धत तयार झाली. तिच्यात दगडमाश्यांच्या बहुतेक कुळांना दहा, कायरोनोमसच्या कुळाला दोन आणि ट्युबिफेक्सच्या गटाला एक गुण मिळतो. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने येथील नद्यांसाठी जैविक निकष ठरवताना हीच पद्धत आधाराला घेतली. मात्र अशा गुणांचा अर्थ लावताना एक सावधगिरी आवश्यक असते : सखल प्रदेशातील, मंद व गाळयुक्त पाण्यात दगडमाशी नाही म्हणजे प्रदूषण आहे असे नव्हे, कारण तिला लागणारा खळाळता दगडी तळच तेथे नसतो. म्हणून तुलना नेहमी त्याच नदीच्या तशाच स्वरूपाच्या, पण कमी बिघडलेल्या टप्प्याशी करावी लागते.

बंधाऱ्याचा परिणाम पाण्याच्या गुणवत्तेपुरता थांबत नाही. तो जीवनचक्रांनाही अडवतो. हिलसा, म्हणजेच पाला, हा समुद्रात वाढणारा मासा अंडी घालण्यासाठी नर्मदा व तापी यांसारख्या नद्यांत वर चढतो आणि प्रत्येक आडवी भिंत त्याचा मार्ग आखूड करते. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीचा प्रवास याच्या उलट असतो : प्रौढ कोळंबी नदीत राहते, पण तिच्या पिल्लांच्या वाढीसाठी मुखाजवळचे मचूळ पाणी लागते. लॅमेलिडेन्स या शिंपल्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. त्याची सूक्ष्म अळी माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटते, काही काळ तेथे परजीवी म्हणून वाढते आणि नंतर तळाशी पडून स्वतंत्र जीवन सुरू करते. याचा अर्थ असा की स्वतः फार दूर सरकता न येणारा शिंपला नदीभर पसरतो तो माशांच्या पाठबळावर, आणि माशांची वाट अडली की पाणी गाळून स्वच्छ करणाऱ्या या प्राण्याचाही प्रसार खुंटतो. निसर्गतः गोड्या व खाऱ्या पाण्याच्या दरम्यान अनेक किलोमीटरचा मचूळ पट्टा असतो; सिंगणपोरला तो एका भिंतीच्या दोन बाजूंत विभागला गेला आहे.

लाखो माणसांची तहान भागवणारा हा बंधारा काढून टाकावा, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. निष्कर्ष असा की नदीचा तलाव केल्यानंतर तिची देखभालही तलावासारखी करावी लागते. वाहती नदी आपल्यात पडलेला मळ पुढे नेते, तलाव तो साठवतो. म्हणून सांडपाणी आणि खते यांतील पोषकद्रव्ये पाण्यात उतरण्यापूर्वीच रोखणे, जलपर्णी काढल्यावर ती काठावर कुजू न देणे, कारण तिच्यातील नायट्रोजन व फॉस्फरस पुन्हा पाण्यात जातात, आणि उकाईतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे वेळापत्रक माशांच्या वर्षा-स्थलांतराचाही विचार करून आखणे, हे उपाय जलपर्णी दरवर्षी नव्याने उपसण्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरतील. त्याबरोबरच पाण्याच्या रासायनिक तपासणीशेजारी तळजीवांची व प्लवकांची नियमित गणना व्हायला हवी. तिला लागणारी साधने साधी आहेत : जाळी, चाळणी, पांढरी तबके आणि सूक्ष्मदर्शक. सुरतच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती करता येईल, आणि तीच गणना जळगाव-नंदुरबारच्या महाविद्यालयांनी वरच्या टप्प्यांत केली, तर तुकडे झालेल्या तापीची एकसंध नोंद हाती येईल.

पुढील लेखांकात प्लवकांची ओळख : डायटम, नीलहरित शैवाले आणि रोटिफर, तसेच सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गणना करण्याची पद्धत.