बोटं राखणारा गार्ड

जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीच्या कालव्याखालच्या पट्ट्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की फडाफडांत कोयते चालतात. सुताराच्या हातातल्या विजेच्या गोल करवतीचं मूळही उसाच्या फडातच आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड मिशेल यांनी मजुरांना लांब पात्याच्या कोयत्यानं ऊस तोडताना पाहिलं आणि १९२१च्या सुमारास त्या कोयत्यालाच मोटर बसवायचा घाट घातला. मोटर दुधाच्या मिक्सरची, ब्लेड दोन इंचांचं. ही युक्ती लाकडाच्या कामात खरी उपयोगी पडली. १९२४ साली जोसेफ सलिव्हन यांच्या भागीदारीत कंपनी निघाली आणि 'स्किलसॉ' हे नाव सुतारकामात रुजलं.

जालन्यात फर्निचरच्या कामावर मात्र बहुतेक वेळा चार इंची कटर दिसतं. ते मुळात मार्बल कटर. फरशी आणि ग्रॅनाइट हिऱ्याच्या ब्लेडनं घासून कापायला बनवलेलं. त्यावर दातांचं ब्लेड चढवलं की प्लाय झरझर कापला जातो. यंत्र स्वस्त, हलकं, मोटारसायकलवर नेता येणारं, म्हणून मिस्त्री तेच घेतो. पण त्याचा गार्ड वरच्या बाजूला पक्का बसवलेला असतो, खालून ब्लेड उघडंच राहतं. खास लाकडासाठीच्या सात इंची कटरला खाली स्प्रिंगचा सरकता गार्ड असतो. लाकडात शिरताना तो मागे सरतो आणि काप संपला की आपोआप मिटतो. मांडी आणि बोटं वाचतात ती या पत्र्यामुळे. काम अडतं म्हणून हा गार्ड सुतळीनं बांधून किंवा पाचर मारून उघडा ठेवला, तर लाकडाचं कटर घेऊनही उपयोग नाही.

सात इंची ब्लेड मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या आसपास जातो. जालन्यावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर गाडीला १२०ची मर्यादा आहे. चार इंची यंत्र मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरलं, तर दात ताशी २३०च्या आसपास पोचतात. या वेगात हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. त्यामुळे काळजी घ्यायची ती बटण दाबण्याआधीच.

आठ बाय चारचा १८ एमएमचा प्लाय कापताना काय होतं, ते नीट पाहू. शीट दोन टोकांना टेकवून मधोमध कटर घातलं की ती वजनानं वाकते, काप मिटतो आणि ब्लेड चिमटीत सापडतं. फिरणारे दात मग लाकडावर चढतात आणि अख्खं यंत्र उसळून मागे, चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. यालाच झटका म्हणतात. तो टाळायचा तर कापाच्या दोन्ही बाजूंना खालून लांब पट्ट्यांचा आधार द्यावा किंवा कापून पडणारा तुकडा मोकळा सुटेल असं पाहावं. ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा चार-पाच मिलिमीटरच जास्त ठेवावी. शीट शिकंज्यानं आवळावी, यंत्र दोन्ही हातांनी धरावं आणि कापाच्या रेषेत न राहता बाजूला उभं राहावं. कटर अडकलं तर ओढू नये. आधी बटण सोडावं, ब्लेड थांबू द्यावं. दात खालून वर कापतात, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवली की तिच्यावर ढलप्याही निघत नाहीत.

मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं पाडली की सागाच्या तुळया आणि फळ्या पुन्हा कामाला येतात. त्यांत जुने खिळे दडलेले असतात. दात खिळ्यावर आपटला की त्याचा कठीण धातूचा तुकडा उडतो. अशा लाकडावरून आधी चुंबक फिरवावं आणि चष्म्याशिवाय कटर चालवू नये. वीज गेली की बटण बंद करून पिन काढावी, कारण बटण लॉक राहिलं तर वीज येताच खाली ठेवलेलं यंत्र सुरू होतं. ब्लेड बदलतानाही पिन काढलेलीच हवी. गळ्यातला गमछा, सैल बाही आणि सुती हातमोजे ब्लेडजवळ नकोत. लाकडाच्या भुश्यानं कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मान्य केलं आहे. म्हणून मास्कही हवा.

एवढं करूनही बोट तुटलंच, तर जखम स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरावी आणि हात वर ठेवावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. मग वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

कारखान्यातल्या यंत्रांना १९४८च्या कायद्यानं कुंपण सक्तीचं केलं. घरोघरी फिरून काम करणाऱ्या सुताराच्या यंत्राचा गार्ड बघायला मात्र कुणी तपासनीस येत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे, प्रशिक्षण आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदतही आहे. त्या पैशांत सरकत्या गार्डचं कटर आधी घ्यावं, बाकीची हत्यारं मागाहून. प्रशिक्षणात झटका कसा बसतो ते दाखवावं. आणि घरमालकानंही कामाची घाई करताना मिस्त्रीच्या हातातल्या यंत्राला गार्ड आहे ना, हे विचारावं. सुताराची सगळी कमाई त्याच्या दहा बोटांवर उभी असते. ती राखणं हा त्याच्या कसबाचाच भाग आहे.