लेकरू सांगते आहे, ऐकून घ्या

पावसाळा नुकताच सरला होता. आमच्या द्रोणागिरीच्या दवाखान्यात एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलाला तिसऱ्यांदा घेऊन आली. तक्रार तीच, पोट दुखते. आधीच्या दोन वेळी मी जंतांचे औषध दिले होते, लघवी तपासून घेतली होती, बाहेरचे खाणे बंद करायला सांगितले होते. तपासणीत दोष काही निघाला नव्हता. या वेळी मी विचारले, "ताई, हे दुखणे नेमके कधी उठते?" त्या जरा थांबल्या व म्हणाल्या, "शनिवारी रात्री सुरू होते, डॉक्टर. रविवारी चर्चला निघताना तर रडतोच. सोमवारी शाळेत मात्र हसत जातो."

जंतांना वार कळत नाही. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ती चूक माझी, व ती येथे कबूल करतो.

मी त्यांना सांगितले, मुलाला रागावू नका, खोदून विचारू नका, फक्त त्याच्याजवळ बसा. दोन दिवसांनी मुलगा आजीजवळ बोलला. संडे स्कूलच्या मुलांना गाडीतून ने-आण करणारा, सर्वांच्या ओळखीचा एक तरुण त्याला मांडीवर बसवून मोबाईलवर घाणेरडी चित्रे दाखवीत असे व नको तेथे हात लावीत असे. "घरी सांगितलेस तर तुझ्या पप्पांना मंडळीतून काढतील," असा धाकही त्याने घातला होता.

त्याच रात्री आईवडील दोघेही आले. वडील बंदराजवळच्या कंटेनर यार्डात कामाला. ते म्हणाले, "डॉक्टर, तो आमच्याच मंडळीतला. वडीलधारे म्हणतात, आपसात मिटवू. आपला धर्म क्षमा शिकवतो. आम्ही काय करावे?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अशा प्रकरणात मुलाची ओळख उघड करणे हा कायद्यानेही गुन्हा आहे.)

आजचा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. तो ख्रिस्ती आईवडिलांना समोर ठेवून लिहिला आहे, पण देऊळ, मशीद, विहार, क्लास किंवा क्रीडामंडळ असा शब्द घातला तरी मजकूर फारसा बदलणार नाही.

धोका परका नसतो

आपण मुलांना शिकवतो, अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको. हे शिकवणे योग्यच आहे, पण अपुरे आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलांच्या ओळखीचे व विश्वासातले होते. "आमचा तर मुलगा आहे, त्याला काय भीती?" असे म्हणणाऱ्या पालकांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

विश्वासाची जागा पवित्र असेल तर मुलाचे तोंड आणखी घट्ट मिटते. गोव्यात मडगाव येथे अनाथ मुलांसाठी गुरुकुल चालवणाऱ्या फ्रेडी पीट्स याला लोक परोपकारी सद्गृहस्थ मानत. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा मुलांच्या छळाची छायाचित्रेच सापडली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. इतके लांब तरी कशाला जा? आपल्या नवी मुंबईत सीवूड्स येथे ऑगस्ट २०२२ मध्ये एका चर्चशी संलग्न, परवाना नसलेल्या आश्रमातून ४५ मुलांना बाहेर काढण्यात आले. त्यानंतर मुलींच्या तक्रारींवरून तेथील पाद्रीला अटक झाली.

हे सांगण्यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा हेतू नाही. बहुसंख्य फादर, पाळक, सिस्टर व संडे स्कूलचे शिक्षक मुलांसाठी निःस्वार्थीपणे राबतात. पण झगा, पद किंवा प्रार्थना पाठ असणे हा चारित्र्याचा दाखला नव्हे. डॉक्टरचा पांढरा कोटही नव्हे. म्हणून मूल तपासताना आई किंवा वडील खोलीत असायलाच हवेत. माझ्याही दवाखान्यात तसा आग्रह धरा.

घरात

आपल्याकडे गुणी मुलाची व्याख्या एकच, मोठ्यांचे ऐकतो. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा ख्रिस्ती घरांत तर बाळकडूबरोबर मिळते. पण मान राखणे म्हणजे अंगाला हात लावू देणे नव्हे, हे आपण सांगायचे विसरतो. पाहुणे आले की "काकांना पापा दे" म्हणून मुलाला पुढे ढकलतो. त्याला नको असेल तर नमस्कार किंवा शेकहॅण्ड पुरे. स्वतःच्या घरात ज्याच्या 'नाही'ला किंमत नाही, ते मूल बाहेर 'नाही' कसे म्हणेल?

तीन-चार वर्षांपासून शरीराच्या सर्व अवयवांची सरळ नावे शिकवा. पोहण्याच्या कपड्यांनी जो भाग झाकला जातो तो खासगी. आंघोळ घालताना आई, आजारपणात डॉक्टर आईसमोर, याखेरीज कोणी तेथे हात लावायचा नाही, पाहायचे नाही, फोटो काढायचा नाही, आणि स्वतःचा दाखवायचाही नाही. दुसरा धडा गुपिताचा. वाढदिवसाची भेट लपवणे ही गंमत झाली. ती थोड्या दिवसांत उघड होते. "आईला सांगू नको" असे जो म्हणेल, त्याची गोष्ट आईला आधी सांगायची.

द्रोणागिरी ही नवी वस्ती आहे. सिडकोच्या इमारतींत कोणी वसईचा, कोणी अहिल्यानगरचा, तर कोणी केरळचा राहतो. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत रेल्वे आली व अनेक घरांत आईवडील दोघेही दूरच्या नोकरीवर जाऊ लागले. मूल चार-पाच तास शेजाऱ्यांकडे किंवा शिकवणीत असते. त्यात गैर काही नाही. पण तेथे अधूनमधून वेळेआधी, न सांगता जावे. भला माणूस त्याचा राग मानत नाही.

पुष्कळ ख्रिस्ती घरांत संध्याकाळी कुटुंबाची प्रार्थना किंवा रोझरी असते. तिला जोडून पाच मिनिटे मुलाला द्या. "आज काय आवडले? कोणाजवळ बरे वाटले नाही?" एवढेच विचारा व मध्ये न बोलता ऐका. रोज ऐकून घेणाऱ्यालाच मूल अवघड गोष्ट सांगते.

शाळेत व चर्चमध्ये

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये काय झाले ते आपण विसरलेलो नाही. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. गुन्हा नोंदवायला झालेल्या दिरंगाईने लोक संतापले व २० ऑगस्टला रेल्वेमार्गावर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. त्यानंतर शासनाने शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी व सखी सावित्री समिती यांची सक्ती केली.

पालकसभेला जाल तेव्हा फक्त गुणांची चौकशी करू नका. लहान मुलांना शौचालयात कोण नेते? व्हॅनमध्ये बाई असते का? कंत्राटी माणसांची पडताळणी झाली का? समितीवर कोण आहे? हेच प्रश्न संडे स्कूल, कॅटेकिझमचा वर्ग, गायनवृंद व उन्हाळी शिबिर यांनाही विचारा. एक साधा नियम सर्वत्र लागू करता येतो. बंद दाराआड एक मोठा व एक मूल असे दोघेच कधी नसावेत. वर्गाचे दार उघडे असावे, किंवा दोन मोठी माणसे हजर असावीत. शिबिराला रात्रीचा मुक्काम असेल तर कोण कोठे झोपणार हे आधी कळले पाहिजे.

मोबाईलवर

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत सायबर जनजागृतीच्या कार्यक्रमात अभिनेता अक्षय कुमार यांनी आपल्याच घरचा अनुभव सांगितला. त्यांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत असताना समोरच्या अनोळखी खेळाडूने आधी गोड बोलून, मग मुलगा की मुलगी हे विचारून, शेवटी नग्न फोटो मागितला. मुलीने खेळ बंद केला व सरळ आईला जाऊन सांगितले. पैसा, पहारा, मोठे घर यांपैकी काही तिच्या उपयोगी पडले नाही. आईला सांगता आले, हेच तिच्या उपयोगी पडले.

बहुतेक मुले का सांगत नाहीत? मोबाईल काढून घेतील या भीतीने. म्हणून आजच मुलाला शब्द द्या, "काही वाईट दिसले, कोणी काही मागितले, तुझ्या हातून चूक झाली, तरी सांग. मी मारणार नाही, मोबाईलही त्यासाठी काढून घेणार नाही." आणि तो शब्द पाळा.

बाकी नियम सोपे आहेत. रात्री घरातले सगळे मोबाईल, आईवडिलांचेसुद्धा, दिवाणखान्यात चार्जिंगला. लहान मुलाने मोबाईल वापरावा तो सर्वांसमोर. गेममधील अनोळखी लोकांशी गप्पांची सोय बंद ठेवावी, खाते खासगी करावे. पहिला प्रभूभोज किंवा वाढदिवस यांचे फोटो आपणच शाळेच्या व घराच्या पत्त्यासह जगाला दाखवू नयेत. कोणी फोटो पसरवण्याची धमकी देऊ लागला तर पैसे देऊ नका, मजकूर पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा व पोलिसांत जा. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते.

लक्षणे कोणती?

विनाकारण वारंवार पोट किंवा डोके दुखणे, सुटलेली अंथरुणात लघवी पुन्हा सुरू होणे, झोपेत दचकणे, एखाद्या माणसाला किंवा जागेला अचानक टाळणे, अभ्यासात एकदम घसरण, वयाला न शोभणारी लैंगिक भाषा, लघवीच्या किंवा शौचाच्या जागी दुखणे, खाज अथवा स्राव. यांतील बरीच लक्षणे जंत, लघवीचा संसर्ग किंवा परीक्षेची भीती यांनीही होतात. म्हणून घाबरून कोणावर आळ घेऊ नका, पण "नाटके करतो" म्हणून सोडूनही देऊ नका. डॉक्टरांना दाखवा व वार, वेळ, जागा नीट सांगा.

मुलाने सांगितले तर

पहिले वाक्य महत्त्वाचे. "तू सांगितलेस ते बरे केलेस. तुझी काही चूक नाही." मग जे तो स्वतः सांगेल तेवढेच त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. उलटतपासणी नको. नुकतीच घटना असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा व ताबडतोब रुग्णालयात न्या. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. एफआयआर नाही म्हणून कोणतेही रुग्णालय, सरकारी वा खासगी, तातडीचे उपचार नाकारू शकत नाही, आणि ते उपचार मोफत आहेत.

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो, मुख्याध्यापक असो की धर्मगुरू, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखाला आपल्या माणसाचा गुन्हा दडपल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चर्चच्या समितीला सांगितले म्हणजे कळवले असे होत नाही. मुलाला ठाण्यात बसवून ठेवत नाहीत. त्याचा जबाब घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला. आता तो सरकारमार्फत चालतो. तो मुलांना पाठ करून द्या.

आणि क्षमा?

त्या वडिलांना मी एवढेच म्हणालो, "क्षमा करायची की नाही, हे तुमच्या व देवाच्या मधले आहे. त्याची घाई नाही. पण जे सोसले ते मुलाने. त्याच्या वतीने क्षमा करून त्याला गप्प बसवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मंडळीलाही नाही. लहानांना अडखळवणाऱ्यांविषयी प्रभू येशूने किती कठोर शब्द वापरले, ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात घरी जाऊन वाचा. आणि तुम्ही आला नाहीत तरी मला कळवावेच लागेल." पोप फ्रान्सिस यांनीही डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरील चर्चची अधिकृत गुप्तता उठवली, हेही मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे पोलीस ठाण्यात गेलो. साध्या साडीतल्या एक अधिकारी घरी आल्या व आजीच्या शेजारी बसून त्यांनी जबाब लिहून घेतला. खटला चालू आहे. काही लोकांनी त्या कुटुंबाशी बोलणे टाकले. पण आठवडाभरात मंडळीतल्या आणखी दोन घरांतली मुले आपल्या आयांजवळ बोलती झाली. ती त्याच गाडीतून जात होती.

मुलाचे पोट दुखणे दोन महिन्यांत थांबले. औषध मी काही दिले नव्हते. परवा सर्दीसाठी आला तेव्हा त्याने मला विचारले, "डॉक्टर, माझ्या पप्पांना मंडळीतून काढले नाही ना?" मी म्हणालो, "नाही रे बाळा. तुझे पप्पा तुझ्या बाजूने उभे राहिले."

वाचकहो, आपल्या मुलाला हे उत्तर आज, काही घडण्याआधीच, माहीत असले पाहिजे.