जवळचा पल्ला, लांबलेला दिवस : महाड-पोलादपूरच्या मालमोटारचालकांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतून मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ आणि आताचा क्रमांक ६६, जातो. या महामार्गाला महाडजवळ वरंध घाटातून भोर-पुण्याकडे जाणारा आणि पोलादपुरात आंबेनळी घाटातून महाबळेश्वर-वाईकडे चढणारा रस्ता येऊन मिळतो. महाडलगतच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, रंग आणि औषधी द्रव्ये यांचे कारखाने असून त्यांचा कच्चा आणि पक्का माल प्रामुख्याने रस्त्यानेच ये-जा करतो. ही वाहतूक ज्या कंपन्या करतात त्यांतील बऱ्याचशा प्रादेशिक स्वरूपाच्या आहेत, म्हणजे काही स्वतःच्या आणि काही इतर मालकांच्या भाड्याने लावलेल्या गाड्या घेऊन त्या पनवेल, न्हावा-शेवा, भिवंडी, पुणे, सातारा किंवा कशेडी घाटापलीकडील लोटे अशा एक-दोन दिवसांच्या पल्ल्यातच माल पोहोचवतात. अशा कंपनीच्या गाडीवर चालक म्हणून काम करणे कसे असते, याविषयी परिसरात अनेक समजुती रूढ आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच आहे : चालकाचे काम किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय.

गैरसमज १ : पल्ला जवळचा, म्हणजे काम हलके आणि रात्री मुक्काम घरी.

वस्तुस्थिती : महाडहून लोटे औद्योगिक वसाहत शंभर किलोमीटरच्या आत आणि न्हावा-शेवा बंदर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चाक फिरण्याचा वेळ काही तासांचाच असतो, हे खरे. मात्र कारखान्याच्या फाटकावर नोंद करणे, वजनकाट्यावर रिकाम्या गाडीचे वजन करून घेणे, माल भरला जाईपर्यंत रांगेत थांबणे, भरलेल्या गाडीचे पुन्हा वजन करणे, बीजक, बिल्टी (वाहतूकदाराने माल ताब्यात घेतल्याची पावती) आणि ई-वे बिल ही कागदपत्रे ताडून घेणे, ताडपत्री ओढून दोर आवळणे आणि माल पोहोचवण्याच्या ठिकाणी हाच क्रम उलट्या बाजूने पार पाडणे, यांत जाणारा वेळ किलोमीटरच्या हिशेबात कोठेच दिसत नाही. लांब पल्ल्याच्या चालकाला हा सोपस्कार आठवड्यातून एक-दोनदा करावा लागतो, तर जवळच्या पल्ल्याच्या चालकाला तो जवळजवळ रोज करावा लागतो.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने, ज्याच्या तरतुदी पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत समाविष्ट झाल्या, सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली आणि विश्रांती धरून कामाचा एकूण विस्तार १२ तासांपलीकडे जाऊ नये असे ठरवले. परंतु याच कायद्याने ‘कामाचे तास’ या संज्ञेत गाडी चालवण्याचा वेळ आणि आनुषंगिक कामाचा वेळ धरताना थांब्यावरील नुसत्या हजेरीचा काळ मात्र १५ मिनिटांहून कमी असेल तरच मोजावा अशी व्याख्या केली असल्यामुळे, फाटकाबाहेरच्या तीन-चार तासांच्या रांगेला कामाच्या हिशेबात स्थान मिळणे अवघड होते. चालकाला त्या वेळी झोपता येत नाही, कारण रांग पुढे सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते. पण कागदावर तो रिकामाच असतो.

अंतर कमी असल्याचा आणखी एक तोटा ई-वे बिलात दिसतो. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत मालासोबत ठेवावयाच्या या इलेक्ट्रॉनिक परवान्याची मुदत अंतरावरून ठरते आणि २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस असे तिचे प्रमाण आहे. महाड-न्हावा-शेवा खेपेला म्हणूनच एकच दिवस मिळतो आणि तो बिल तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. घाटात दरड आली किंवा फाटकावर गाडी अडली, तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत वाढ घेता येते. ती कंपनीच्या कार्यालयातून घ्यावी लागते आणि घेतली गेली नाही, तर तपासणीत गाडी अडकून चालकच तिच्यापाशी बसून राहतो.

गैरसमज २ : घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते.

वस्तुस्थिती : ही समजूत सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरपर्यंत उतरताना गाडी एक हजार मीटरहून अधिक खाली येते आणि या उताराने गाडीला मिळणारी सर्व ऊर्जा कोठे तरी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावीच लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजिनातील दाब व घर्षण यांमुळे वेग रोखला जातो. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. न्यूट्रलमध्ये हा रोध नाहीसा होऊन सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, लायनर आणि ड्रम तापत जातात आणि एका मर्यादेपलीकडे त्यांची पकड कमी होते. पायाखालचे पेडल तेव्हाही पूर्वीसारखेच दाबले जाते, पण गाडी थांबत नाही.

जड वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ही हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो, म्हणून उतारावर इंजिनच बंद केले, तर वारंवार ब्रेक मारल्याने टाकीतील हवा उतरत जाते, ती भरून निघत नाही आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. बचतीचा युक्तिवादही आता टिकत नाही, कारण इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा थांबवला जातो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे का होईना डिझेल जळतच राहते. घाटातल्या जुन्या चालकांचा नियम, की ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, यंत्रशास्त्राच्या कसोटीवर आजही खरा उतरतो. काही कंपन्या डिझेलचा ठरावीक हिशेब लावून बचत चालकाला देतात आणि जादा खर्च त्याच्याकडून कापतात. ही पद्धत जेथे आहे तेथे न्यूट्रलचा मोह नुसत्या उपदेशाने सुटत नाही.

गैरसमज ३ : ज्याला ट्रक येतो त्याला टँकरही येतो.

वस्तुस्थिती : मालवाहू वाहनाचा परवाना आणि धोकादायक माल वाहून नेण्याची पात्रता या दोन वेगळ्या बाबी आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक मालाच्या वाहनावरील चालकाला किमान एक भारतीय भाषा लिहिता-वाचता यावी लागते, तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण घ्यावे लागते आणि परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या नोंदीची मुदत तीन वर्षे असून ती वाढवण्यापूर्वी उजळणीचे प्रशिक्षण आवश्यक असते.

महाडच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या टँकरवरील फलक हा याच व्यवस्थेचा भाग आहे. वाहनावर तीन ठिकाणी लावलेल्या या आपत्कालीन माहिती फलकावर पदार्थाचा चार अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. उदाहरणार्थ, १८३० म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १२३० म्हणजे मिथेनॉल. त्याशेजारी आग किंवा गळती झाल्यास काय करावे याचा संकेत, संपर्काचा दूरध्वनी क्रमांक आणि धोक्याचा वर्ग दाखवणारे चौकट आकाराचे चिन्ह असते, तर चालकाच्या केबिनमध्ये त्या पदार्थाविषयीच्या लेखी सूचनांचे पत्रक, म्हणजे ट्रेम कार्ड, ठेवावे लागते. चालवण्याचे तंत्रही बदलते. अर्धवट भरलेल्या टँकरमधील द्रव ब्रेक लावताच पुढे आणि वळणावर बाहेरच्या बाजूला लोटला जातो. म्हणून कशेडीच्या जुन्या घाटरस्त्यावरील वळण बंदिस्त मालाच्या ट्रकला ज्या वेगाने झेपते त्या वेगाने ते टँकरला झेपेलच असे नाही.

गैरसमज ४ : जादा माल चालकच हव्यासापोटी भरतो.

वस्तुस्थिती : किती माल भरायचा हे माल पाठवणारा आणि वाहतूकदार यांच्यातील भाड्याच्या ठरावावरून ठरते आणि भाडे टनावर ठरले असेल, तर जादा टनाचा लाभ बहुतांशी गाडीमालकाला व माल पाठवणाऱ्याला होतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादा वाढवून दोन आसांच्या सहाचाकी गाडीचे कमाल एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन आणि तीन आसांच्या दहाचाकीचे २५ वरून २८.५ टन केले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, मर्यादा ओलांडल्यास २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये असा दंड असून जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. हे कलम गाडी चालवणाऱ्याप्रमाणेच ती तशी चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. परंतु तपासणीच्या वेळी जागेवर हजर असतो तो चालकच, आणि त्यामुळे दोषही त्याच्याच नावावर चढतो.

गैरसमज ५ : माल उतरवणे, निदान त्याचा खर्च भागवणे, ही चालकाचीच जबाबदारी.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात माल चढवण्या-उतरवण्याचे काम हे स्वतंत्र कष्टकरी वर्गाचे काम मानले गेले असून १९६९ च्या माथाडी कायद्याने त्या वर्गाला संरक्षण दिले आहे. तरीही माल उतरवून घेणाऱ्या ठिकाणी गाडीकडून ‘वाराई’ या नावाने रक्कम मागितली जाते आणि ती प्रथम चालकाच्या खिशातून जाते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी याच प्रथेविरुद्ध उभी राहिली. वाराईची पावती मिळत नसेल, तर कंपनीच्या हिशेबात ती रक्कम मान्य करून घेणे चालकाला कठीण जाते आणि खेपेच्या भत्त्यातून होणारी त्याची कमाई तेथेच घटते.

गैरसमज ६ : अपघातानंतर चालक जागेवरून निघून गेला, म्हणजे दोष त्याचाच.

वस्तुस्थिती : मोठ्या वाहनाचाच दोष असतो असे कोणताही कायदा गृहीत धरत नाही, दोष तपासातून ठरतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर टाकते, मात्र जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे ते शक्य नसेल तर अपवादही करते आणि अशा वेळी लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, पोलीस ठाण्यात माहिती देणे आवश्यक ठरवते. म्हणजे जमावापासून जीव वाचवण्यासाठी दूर जाणे आणि पोलिसांना न कळवता पसार होणे यांत कायदा भेद करतो. असे न कळवता पसार होणाऱ्या चालकाच्या शिक्षेविषयीच्या ज्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभरातील चालकांनी आंदोलन केले, ते भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (२), १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा वगळून ठेवण्यात आले.

गैरसमज ७ : रुंद रस्ता आणि बोगदा झाल्यावर अडचणी संपल्या, उरलेले पावसाळ्यातले बंद म्हणजे चालकाला सुट्टीच.

वस्तुस्थिती : कशेडी घाटाखालून काढलेल्या, प्रत्येकी सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यांनी पोलादपूर-खेड प्रवास निश्चितच सुकर केला, परंतु २०२३ च्या गणेशोत्सवात त्यांतील एक बोगदा प्रथम खुला झाला तो हलक्या वाहनांसाठी, अवजड वाहनांसाठी नव्हे. वरंध घाट दरडींच्या भीतीने पावसाळ्यात अवजड वाहनांना वारंवार बंद केला जातो आणि मग पुण्याची खेप माणगावहून ताम्हिणीमार्गे न्यावी लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, तेव्हा एसटीच्या दोन बसही त्यात गेल्या. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले आणि दोन्ही तालुक्यांत दरडी कोसळल्या. याखेरीज गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या गर्दीसाठी महामार्गावर अवजड वाहनांना ठरावीक दिवस बंदी घालण्याची प्रथा आहे. दूध, इंधन, औषधे यांसारख्या जीवनावश्यक मालाला त्यातून सूट मिळते.

या बंदांचा अर्थ चालकासाठी सुट्टी असा होत नाही, कारण त्याच्या मिळकतीत मासिक पगाराबरोबर खेपेनुसार मिळणाऱ्या भत्त्याचा वाटा मोठा असतो. गाडी उभी राहिली की भत्ता बुडतो, आणि ती भरलेली असताना अडकली, तर मालाच्या राखणीसाठी चालकाला तिच्याजवळच थांबावे लागते. अशा खोळंब्यासाठी वाहतूकदार मालधन्याकडून जे थांबा शुल्क, म्हणजे व्यवसायातील शब्दांत ‘हॉल्टिंग’, आकारतात, ते गाडीच्या खात्यावर जमा होते; त्यातील काही भाग चालकाला द्यायचा की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर राहते.

या सर्व समजुती दूर करण्यासाठी फार मोठ्या सुधारणेची गरज नाही. बिल्टीवर गाडी फाटकावर आल्याची आणि मोकळी झाल्याची वेळ नोंदवली जावी, थांबा शुल्क आणि चालकाचा भत्ता त्या वेळेशी जोडला जावा, वाराई मालधन्याच्या बिलात दिसावी आणि डिझेलचा हिशेब घाटाच्या रस्त्यासाठी वेगळा धरला जावा, एवढ्याने या व्यवसायातील अदृश्य श्रमांचा मोठा भाग कागदावर येईल. रस्ता रुंद करणे हे सरकारचे काम असले, तरी फाटकावरचे घड्याळ पाहून वेळ लिहिणे कारखाना आणि वाहतूक कंपनी या दोघांना उद्यापासूनही शक्य आहे.