पेलाभर पाण्याचा पहारा

आईच्या बार्शीटाकळीच्या फ्लॅटमध्ये बेसिनखालची फरशी ओली राहू लागली, तेव्हा पहिला संशय नळावर गेला. मग नळाच्या जोडपाइपवर, मग खालच्या बॉटल ट्रॅपवर. आई रोज पुसायची आणि संध्याकाळी पुन्हा तेवढीच ओल. शेवटी आम्ही सगळे सांधे फडक्यानं कोरडे केले आणि प्रत्येकाभोवती वर्तमानपत्राची एकेक पट्टी गुंडाळली. गळती शोधायची याहून साधी आणि खात्रीची रीत मला माहीत नाही. बोटाला जाणवणार नाही इतकी ओलही कागदावर काळपट डाग धरते. पाऊण तासानं तीन पट्ट्या कोरड्या होत्या. चौथी, भांड्याच्या बुडाशी, पाणी जायच्या भोकालगतची, भिजून लोंबत होती.

प्लंबरभाऊंनी बॅटरी मारून खालून पाहिलं. भोकाच्या कडेपासून वर चढत गेलेली, केसाइतकी बारीक रेघ त्यांनी नखानं दाखवली. मग भांड्याच्या काठावर पान्याच्या दांड्यानं हलकेच वाजवलं. आवाज बद्द आला. "चिरलं काकू हे. याले आता काही लावून जमत नाही, बदलाच लागते."

हा आवाज आईला ओळखीचा होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात माठ घेताना ती आजही तो कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवते. अख्खं मडकं टणटणतं, कारण ठोक्याची कंपनं त्याच्या भिंतीतून बिनअडथळा फिरत राहतात. तडा गेलेल्या मडक्यात त्या कंपनांची वाट अडते. भेगेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, कंपनाची ऊर्जा तिथंच जिरते आणि नाद चटकन मरतो. बेसिनची परीक्षा तीच, कारण दोन्ही भाऊबंद आहेत. दोन्ही मातीची, दोन्ही भाजलेली. फरक आहे तो आचेचा.

माठ साधारण ८०० अंशांच्या आसपास भाजतात. त्या आचेला मातीचे कण एकमेकांना चिकटतात, पण मधली छिद्रं तशीच राहतात. त्यातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन उडतं, आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जातं. झिरपला नाही तर माठ काय कामाचा! बेसिनच्या मातीत मात्र पांढरी चिनी माती, गारगोटीची पूड आणि फेल्डस्पार नावाचं खनिज असतं, आणि भट्टी १२०० अंशांच्या घरात जाते. त्या आचेला फेल्डस्पार वितळून काच होतो, छिद्राछिद्रांत शिरतो आणि ती बुजवून टाकतो. भांडं आक्रसून दहा-बारा टक्क्यांनी लहान होतं. भारतीय मानकाप्रमाणे अशा भांड्यानं आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषता कामा नये. माठाचा गुण तो इथं दोष.

पण काच आली म्हणजे काचेचा स्वभावही आला. लोखंड ताणलं तर थोडं वाकून सोसतं. काच दाब पुष्कळ सहन करते, ताण मात्र नाही. आणि बेसिनमध्ये ताण सगळ्यात जास्त साठतो तो नेमका भोकाच्या कडेला. १८९८ साली किर्श या जर्मन अभियंत्यानं गणितानं दाखवलं, की ताणलेल्या पत्र्याला एक लहानसं गोल भोक असलं, तर त्या भोकाच्या कडेवर बाकीच्या पत्र्याच्या तिप्पट ताण येतो. भांडं बसवताना खालचा नट पान्यानं करकचून आवळला, की आधीच नाजूक असलेल्या त्या कडेवर कायमचा भार बसतो. आईचं बेसिन ज्यानं कोणी बसवलं असेल, त्यानं पाणी गळू नये या काळजीपोटीच शेवटचा आटा आवळला असणार.

मग ते त्याच दिवशी का तडकलं नाही? मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. काचेतली सूक्ष्म चीर वर्षानुवर्षं हळूहळू वाढू शकते, आणि तिला वाढवतं ते पाणीच. काचेचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधांचा असतो. चिरेच्या टोकाशी हे बंध ताणलेले असतात, तिथं पाण्याचा रेणू शिरला की तो बंध तोडायला मदत करतो. एक तुटला की पुढच्यावर ताण येतो. काच कापणारा कारागीर चरा ओढल्यावर कधी कधी त्यावर ओलं बोट फिरवतो, त्यामागं हीच गोष्ट आहे. म्हणजे रोज सकाळी तोंड धुताना गेलेलं पाणी त्या भोकाच्या कडेला एकेक बंध सोडवत होतं.

नवं भांडं अकोल्याहून आणलं. पण जुनं काढायचं तर आधी पाणी बंद करायला हवं, आणि भिंतीतला अँगल कॉक फिरेना. जोर लावला तेव्हा कर्र असा आवाज करत तो अर्धवट फिरला आणि टपटपू लागला. सेकंदाला एक थेंब. हिशेब करून पाहा: वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाच्या ८६,४०० थेंबांचे सव्वाचार लिटरच्या वर होतात. ज्या घरी नळाची वाट पाहून टाकी भरावी लागते, तिथं हे पाणी थोडं नाही. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व बंद करून भाऊंनी कॉक काढला. आत पांढरट, खरखरीत, दगडासारखा थर होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

तो दगडच होता. बार्शीटाकळीतलं देवीचं हेमाडपंती मंदिर ज्या काळ्या पाषाणाचं आहे, तोच बेसाल्ट इथल्या जमिनीखाली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर, आणि त्यांच्या झिजेतून झालेली वऱ्हाडची काळी माती, जिच्यात नांगरताना चुनखडीचे खडे वर येतात. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्ल होतं. हे आम्ल पाणी खडकातलं आणि चुनखडीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून बोअरमध्ये उतरतं. नळातून बाहेर पडलं, की कार्बन डायऑक्साइड निसटतो, पाणी उडतं आणि कॅल्शियम कार्बोनेट मागं राहतं. गुहांमध्ये छतापासून लोंबणारे चुन्याचे खांब याच रसायनानं तयार होतात. बेसिनच्या काठावरचा पांढरा ओघळ हा त्याचाच धाकटा भाऊ.

इथं एक गल्लत नेहमी होते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे अकोट, तेल्हारा, दर्यापूर भागातलं भूजल खारं आहे. त्यात सोडियमचे क्षार भरपूर आहेत आणि ते चवीलाच कळतं. बार्शीटाकळी दक्षिणेला, डोंगरांच्या बाजूला. इथल्या बोअरचं पाणी जीभ नाकारत नाही, पण ते जड असतं. ते कळतं चुलीवर. "या पाण्यात डाळ शिजत नाही" ही आयाबायांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थानं एकमेकींना चिकटलेल्या असतात, कॅल्शियम ते पेक्टिन आणखी घट्ट बांधतं, आणि दाणा मऊ व्हायला तयार होत नाही. साबणाला फेस येत नाही तोही याच कॅल्शियममुळे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. बेसिन बदलून पाणी बदलत नाही, म्हणून नव्या नळावर थर धरू लागताच लिंबाची फोड किंवा व्हिनेगर चोळावं. दुकानात बाटलीतून मिळणारं जळजळीत अ‍ॅसिड थर काढतं, पण नळाची क्रोमची चकाकीही काढतं आणि त्याची वाफ छातीत जाते. ते बाथरूमच्या बंद दारामागं वापरू नये.

आता त्या जागेकडे येते, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. भांडं पांढरं, चकचकीत, म्हणून दुकानात सगळे त्याच्याकडेच पाहतात. पण घराचं रक्षण करतो तो खालचा बॉटल ट्रॅप. भाऊंनी जुना ट्रॅप उघडला तेव्हा आतून केसांचा गुंता, साबणाचा काळा गाळ आणि पेलाभर पाणी निघालं. आई म्हणाली, "घाण पाणी साचून राहते यात, असा नको, सरळ पाइप लावा." सरळ पाइप लावला असता, तर गटार आणि आईची झोपायची खोली यांच्यामध्ये काहीच उरलं नसतं.

ते पाणी साचत नाही, ते तिथं ठेवलेलं असतं. पाण्यात बुडालेल्या नळीतून वरचं पाणी खाली जाऊ शकतं, पण खालची हवा वर येऊ शकत नाही. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं संडासाच्या भांड्याखाली वाकडी नळी लावून पाणी अडवून ठेवायच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षांत आकार बदलले, तत्त्व तेच राहिलं. आपल्याकडे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखाली बसतो त्याला अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा नहाणी ट्रॅप म्हणतात. ती आपली न्हाणीच.

हा पहारेकरी किती बळकट? ट्रॅपमधल्या पाण्याची उंची साधारण ५० मिलिमीटर. वातावरणाचा दाब पाण्याच्या दहा मीटर उंचीएवढा. म्हणजे त्याच्या दोनशेव्या हिश्शाइतका दाबातला फरक पडला, तरी हे पाणी हलतं. वरच्या मजल्यावर कोणी बादली ओतली, की उभ्या पाइपातून पडणारं पाणी मागं हवा ओढतं आणि आपल्या बेसिनमध्ये गुडगुड होते. ती गुडगुड म्हणजे ट्रॅपचं पाणी ओढलं जात असल्याची खूण. यासाठीच ड्रेनेजचा उभा पाइप गच्चीच्याही वर उघडा ठेवलेला असतो, त्यातून हवा आत येते आणि दाब सांभाळला जातो. वास येतो म्हणून त्याच्या तोंडाला बोळा कोंबणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी वास गच्चीवरून घरात आणला.

पाणी ओढलं जातं त्याहून जास्त वेळा ते सुकतं. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची साथ पसरली आणि ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. चौकशीत जे आढळलं ते कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. लोक बाथरूमची फरशी धुण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसत, त्यामुळे फरशीतले ट्रॅप कोरडे पडले होते. दार लावून एक्झॉस्ट फॅन सुरू केला, की तो मैल्याच्या पाइपातली हवा विषाणू असलेल्या तुषारांसकट त्या कोरड्या वाटेनं खोलीत ओढायचा. जगातल्या सगळ्यात आधुनिक शहरांपैकी एकात, फरशीतल्या जाळीखाली पेलाभर पाणी नसल्यानं हे झालं. हे वाचल्यापासून मी कोणाच्याही बाथरूमच्या जाळीत आधी तांब्याभर पाणी ओतते.

आणि हाँगकाँगची हवा तर दमट. आपल्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वाळत घातलेला टॉवेल पंधरा मिनिटांत कडक होतो. याच दिवसांत लोक लग्नांना, लेकीकडे, गावाला जातात आणि फ्लॅटला महिनाभर कुलूप असतं. परत आल्यावर दार उघडताच गटाराचा वास येतो, आणि सगळे फिनेल शोधतात.

नवं भांडं बसवायला तासभरच लागला. दोन ब्रॅकेट, पाणसळ लावून सरळ केलेली. नळाच्या आट्यांवर भाऊंनी पांढरी टेप गुंडाळली, आट्यांच्या दिशेनंच, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटते. आधी इथं सूत आणि सफेदा असायचा. ही टेप टेफ्लॉनची. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन तर भरलेल्या सिलिंडरचं होतं. त्यानं तो कापून पाहिला, तेव्हा आत मेणचट पांढरी पूड सापडली. तीच ही. भिंत आणि भांडं यांच्या फटीत सिलिकॉन भरलं, तेव्हा बाथरूमभर व्हिनेगरसारखा वास सुटला. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं आणि होताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला वेळ जास्त द्यावा.

खालचा नट लावताना मी मुद्दाम वाकून पाहत होते. भाऊंनी रबरी वायसर नीट बसवला, नट हातानं लागेल तेवढा लावला आणि पाना उचलून फक्त पाव आटा दिला. "वायसर दबला का बस झालं, ताई. पाणी वायसर थांबवते, जोर नाही थांबवत." मग भांडं काठोकाठ भरून बूच एकदम काढलं. पाणी भोवरा करत गेलं, शेवटी गुडगुडलं नाही. पट्ट्या कोरड्या राहिल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात आई पुण्याला धाकट्याकडे गेली. निघताना ऑटो खाली उभा होता आणि ती आतच. मी वर जाऊन पाहिलं, तर ती बेसिनमध्ये, न्हाणीच्या जाळीत, बाल्कनीतल्या मोरीत एकेक तांब्या पाणी ओतत होती, आणि प्रत्येकावर चमचाभर गोडेतेल. तेल पाण्यावर तरंगून झाकण होतं, पाणी उडू देत नाही, हे मी तिला सांगितलं होतं. ती जूनमध्ये परतली तेव्हा पहिला पाऊस पडून गेला होता. दार उघडलं, आत फक्त बंद घराचा वास होता.