औषधाच्या वेषात आलेला तंबाखू

काही महिन्यांपूर्वी एक सूनबाई आपल्या ६८ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन दवाखान्यात आल्या. आजींच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा होता. तंबाखूविषयी विचारताच त्या दुखावल्या. ‘‘मी तंबाखू खात नाही हो डॉक्टर. दाढ दुखते म्हणून मिशरी लावते. ते औषधच ना?’’

तव्यावर भाजून पूड केलेला तंबाखू म्हणजेच मिशरी, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु औषध म्हटले की वस्तूचे नावच बदलते. आजींना मी हसलो नाही, कारण एके काळी थोर थोर वैद्यही याच समजुतीत होते.

अमेरिका खंडातील मूळ रहिवासी तंबाखूची पाने जखमांवर बांधत. सोळाव्या शतकात ही वनस्पती युरोपात पोहोचली. लिस्बन येथील फ्रान्सचे वकील झां निको यांनी १५६०च्या सुमारास ती औषधी म्हणून फ्रेंच दरबारी धाडली. ‘निकोटिन’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. सेव्हिल येथील वैद्य निकोलास मोनार्देस यांनी १५७१ मध्ये डोकेदुखी, दातदुखी, दमा, जंत अशा अनेक विकारांवर तंबाखूची शिफारस केली. अठराव्या शतकात तर लंडनमध्ये बुडालेल्या माणसास शुद्धीवर आणण्यासाठी गुदद्वारावाटे तंबाखूचा धूर भात्याने आत सोडीत!

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने विजापूरहून तंबाखू अकबराच्या दरबारी नेला, तेव्हा या अपरिचित वस्तूच्या सेवनास राजवैद्याने हरकत घेतली होती. त्याचा सावधपणा पुढे योग्य ठरला. १८११ मध्ये बेंजामिन ब्रॉडी यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून तंबाखूचा अर्क हृदय बंद पाडू शकतो, हे दाखविले. १८२८ मध्ये निकोटिन वेगळे काढण्यात आले आणि ते जहाल विष असल्याचे स्पष्ट झाले. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला.

मग इतक्या लोकांना गुण कसा येत असे? निकोटिन मेंदूला क्षणभर तरतरी देते, आतड्यांची हालचाल वाढवते. सवय जडल्यावर ते न मिळाल्यास जीव कासावीस होतो. पुन्हा घेतले की बरे वाटते. हा आराम रोग गेल्याचा नसून तलफ भागल्याचा असतो. दरम्यान मूळ दुखणे आत वाढतच राहते.

आजींचेही तेच झाले होते. ज्या दाढेसाठी मिशरी सुरू झाली, ती आतून पूर्ण किडली होती. दंतवैद्यांनी ती काढली. चट्ट्याच्या तुकडा-तपासणीत सुदैवाने कर्करोग आढळला नाही.

घरातील ज्येष्ठांच्या तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गिळताना त्रास किंवा तोंड उघडण्यास अडचण दिसली, तर विलंब न करता तपासून घ्यावे. विचारताना ‘तंबाखू खाता का?’ एवढेच न म्हणता मिशरी, तपकीर, गुडाखू यांचीही नावे घ्यावीत. रागावू नये, रागावल्याने डबी उशाखाली जाते, सुटत नाही. पहिले काही दिवस चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठता होते. त्या काळात सोबत हवी. गरज भासल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने, विशेषतः हृदयविकार असल्यास विचारूनच, निकोटिनचे च्युइंगम वापरता येते. १८००-११-२३५६ या क्रमांकावर शासनाचे निःशुल्क मार्गदर्शनही मिळते.

‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ असे आजींनीही विचारले होते. मिशरी सोडून त्यांना पाच महिने झाले. चट्टा पुष्कळ फिकट झाला आहे, तरी दर तीन महिन्यांनी त्या तोंड दाखवायला येतात. गेल्या खेपेस त्या एकट्या नव्हत्या. मिशरी लावणाऱ्या धाकट्या बहिणीलाही सोबत घेऊन आल्या होत्या.