सासूबाईंचा कोनाडा

जुलैमधली गोष्ट आहे. पाऊस असा कोसळत होता, की सकाळी निघालेली आमची लोकल मुंब्र्याच्या पुढे सरकेचना. दीड तास तिष्ठून मी उलट्या गाडीने फिरले आणि दुपारी एकच्या सुमाराला विठ्ठलवाडीला उतरले. चिंब भिजलेल्या अवस्थेत लॅचची किल्ली फिरवून घरात पाऊल टाकलं, तर सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवत होत्या. मला पाहताच त्यांनी ताट जरा आड केलं.

ताटात मी सकाळी साडेपाचला केलेला आमटी-भात. भाताचे गोळे झालेले आणि त्यावरचं तूप पांढरं, थिजलेलं. मी हात लावून पाहिला. थंडगार.

"आई, गरम नाही का करून घेतलंत?"

"कशावर करू? गॅस तूच खालून बंद करून जातेस ना," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

खरं होतं ते. सासूबाईंचं वय ब्याऐंशी. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, हाताला कंप. त्या वर्षी दोनदा दूध गॅसवर ठेवून विसरल्या. दुसऱ्या खेपेला जळका वास जिन्यापर्यंत गेला आणि शेजारणीने दार वाजवलं, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून घरातून निघताना रेग्युलेटर बंद करायचा, असा आम्ही नवरा-बायकोने नियम केला. जेवण गरम राहावं म्हणून महागाचा कॅसरोल आणला. त्याचं घट्ट झाकण त्यांच्या हाताने निघतच नाही, हे मला त्या दुपारी कळलं. चार महिने ही बाई थंड जेवत होती आणि संध्याकाळी "जेवलात ना?" विचारलं की "हो, पोटभर" म्हणत होती. खोटं नव्हतं ते. आमचाच प्रश्न चुकत होता.

आमच्याकडे स्वयंपाकघराचं काम निघालेलंच होतं. कडाप्प्याच्या ओट्याला भेग गेली होती आणि पाणी खालच्या बिऱ्हाडात झिरपत होतं. ह्यांनी जाहीर केलं, "ओटा फोडतोच आहोत, तर मायक्रोवेव्हही घेऊन टाकू. भिंतीत बसवायचा." आमचं स्वयंपाकघर आठ बाय सात फुटांचं. ओट्यावर शेगडी, मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि भांडी निथळत ठेवायचं ताट मांडलं की पोळपाटापुरती जागा उरते. तेव्हा यंत्र कपाटातच जायला हवं होतं, हे मलाही पटलं.

सासूबाईंना मी माहितीपत्रकातलं चित्र दाखवलं. चष्मा वर-खाली करून त्यांनी ते निरखलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कोनाडाच की हा!"

मला हसू आलं. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांचं माहेर मुरबाडकडचं, जाड भिंतींचं. तिथं भिंतीत कोनाडे होते, फडताळं होती. जागा न अडवता वस्तू भिंतीच्या पोटात ठेवायची युक्ती आपल्याकडे जुनीच. आता तिला 'बिल्ट-इन' म्हणतात आणि तिचे पैसे वेगळे पडतात, इतकंच.

पहिली फसगत मिस्त्रींच्या कागदावर झाली. त्यांनी वरच्या कपाटांच्या रांगेत, शेगडीच्या अगदी शेजारी चौकोन काढला आणि लिहिलं: मायक्रो. मी फूटपट्टी घेऊन बसले. वरची कपाटं साधारण बारा ते चौदा इंच खोल असतात, नाहीतर ओट्याशी वाकताना डोकं आपटेल. भिंतीत बसवायच्या यंत्राला मात्र बहुधा बावीस इंच, म्हणजे पंचावन्न सेंटीमीटर खोली लागते. रुंदी साधारण छप्पन्न सेंटीमीटर. उंची मात्र कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलते. काहींना अडतीस सेंटीमीटर पुरतात, काहींना पंचेचाळीस लागतात. मिस्त्री अनुभवी, सुताचासुद्धा फरक पडू न देणारे. पण यंत्र न पाहता कोनाडा कापणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल शिवणं. "आधी यंत्र ठरवा, त्याचा मापाचा कागद माझ्या हातात द्या, मग मी फळीला करवत लावतो," असं शेवटी तेच म्हणाले. या एका वाक्याने आमचे बरेच पैसे वाचवले.

दुसरी गोष्ट हवेची. ओट्यावर ठेवायचं साधं यंत्र स्वस्त पडतं, म्हणून पुष्कळ जण तेच आणून कपाटात कोंबतात. त्याची गरम हवा पाठीमागून, बाजूने किंवा वरून बाहेर पडते. चारी बाजूंनी फळ्या आल्या की ते तापतं, मधेच बंद पडतं आणि लवकर म्हातारं होतं. भिंतीतल्या यंत्राची रचनाच वेगळी असते. त्याला हवा कुठून घ्यायची आणि कुठून सोडायची, हे ठरवून दिलेलं असतं आणि पाठीमागे किती मोकळं ठेवायचं, तेही कागदावर असतं. पण ही मोकळी जागा पाहिली की घरातल्यांचे डोळे लकाकतात. ह्यांनी तिथं जुन्या वर्तमानपत्रांची सोय योजली होती. मी ती मोडून काढली.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि ती सासूबाईंनी शिकवली. मिस्त्रींचा चौकोन जमिनीपासून साडेचार फुटांवर होता. दिसायला सुरेख. सासूबाईंनी भिंतीवरची पेन्सिलीची खूण पाहिली आणि म्हणाल्या, "कोनाडा असतो तो हात जाईल तिथं. शिडी लावून कुणी दिवा लावतं का?"

मी त्यांच्या हातात पाणी भरलेला वाडगा दिला आणि भिंतीशी उभं केलं. चार फूट दहा इंचांची मूर्ती. वाडगा साडेचार फुटांवर न्यायचा तर तो त्यांच्या तोंडासमोर येत होता. त्यात उकळती आमटी असती तर? कोपर वाकवून वाडगा सहज धरला तेव्हा माप आलं बरोबर तीन फूट. मिस्त्रींनी मुकाट्याने जुनी खूण पुसली.

मग दाराचा विचार. मायक्रोवेव्हचं दार बहुतेक वेळा डावीकडे उघडतं. म्हणजे गरम भांडं टेकवायची जागा उजव्या हाताला हवी, नाहीतर उघडं दार मधे येतं. काही यंत्रांचं दार खाली पडतं. ते दिसायला ऐटबाज, पण बुटक्या माणसाला त्या दारावरून हात लांबवून भांडं उचलावं लागतं. आमच्या ओट्याच्या डाव्या टोकाला सासूबाईंचं जुनं फडताळ होतं. तीच जागा सोयीची ठरली. फडताळ काढायचं म्हटल्यावर त्या अर्धा दिवस गप्प होत्या. संध्याकाळी आपणहून त्यातले डबे काढायला लागल्या.

दुकानात जायचं ठरलं, तेव्हा त्या पिशवी घेऊन तयार. पिशवीत त्यांचा रोजचा स्टीलचा वाडगा आणि जेवणाचं ताट. कल्याणातल्या त्या दुकानातला मुलगा आधी हसला. मग त्याने मोठंसं यंत्र दाखवलं. त्यात केक होतो, टिक्के भाजले जातात, दोनशे पदार्थ आपोआप होतात. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "भात गरम करायला किती बटणं?"

मुलाने मोजून पाहिलं. त्या मोठ्या यंत्रात पाच. आधी प्रकार, मग शक्ती, मग मिनिटं, मग सेकंद, मग सुरू. आणि बटणं तरी कुठली? काळ्या काचेवर नुसती पांढरी अक्षरं. सासूबाईंचं बोट काचेवर थरथरत फिरलं आणि भलतंच काही चालू झालं. दुसऱ्या, साध्या यंत्रात एक बटण एकदा दाबलं की तीस सेकंद, दोनदा दाबलं की मिनिट. आणि बटण बोटाला दबल्याचं कळतं. मला वाटतं, असलं यंत्र घेताना विचारायचा याच्याइतका मोलाचा प्रश्न नाही. नुसतं तापवण्यासाठी साधं यंत्र पुरतं. वरून खरपूस हवं असेल तर ग्रिलचं, आणि केक-बिस्किटं खरोखरच करणार असाल तर गरम हवा खेळवणारं कन्व्हेक्शनचं. आम्ही केक विकत आणतो. वीस-पंचवीस लिटरचं साधं यंत्र ठरलं.

वाडग्याने मात्र दगा दिला. आपली घरं स्टीलवर उभी आहेत, आणि मायक्रोवेव्हला स्टीलचं वावडं. धातूवरून लहरी परततात, आतलं अन्न गार राहतं आणि कधी ठिणग्या उडतात. काचेचे वाडगे पाहिले, तर ते सासूबाईंच्या हाताला जड. शेवटी दोन कानांचा, हलक्या चिनी मातीचा वाडगा मिळाला. यंत्राला लागले त्याहून जास्त दिवस या वाडग्याला लागले.

"पण त्यातली किरणं?" हा प्रश्न त्यांनी घरी आल्यावर काढला. त्या रेडिओवर वाढलेल्या, म्हणून मी रेडिओच्याच भाषेत सांगितलं. या रेडिओच्या जातीच्याच लहरी आहेत, एक्स-रेच्या जातीच्या नव्हेत. अन्नातल्या पाण्याच्या कणांना त्या हलवतात आणि त्या धडपडीत अन्न तापतं. एका लहरीची लांबी बारा सेंटीमीटर, दारातल्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची. तिथून ती बाहेर कशी पडणार? दार उघडलं की लहरी तत्क्षणी बंद. दार वाकलं किंवा नीट लागेनासं झालं तर मात्र यंत्र वापरू नये, दुरुस्तीला द्यावं.

या लहरींची कुळकथाही सांगितली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं हेरण्यासाठी रडार आलं. त्याच्या पोटातल्या मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीपाशी काम करताना १९४५ मध्ये अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. त्याने मक्याचे दाणे समोर धरले, तर त्यांच्या लाह्या झाल्या. १९४७ मध्ये बाजारात आलेलं पहिलं यंत्र जवळजवळ सहा फूट उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचं होतं. घरच्या ओट्यावर मावणारं, खपाऊ यंत्र यायला १९६७ साल उजाडलं. "म्हणजे लढाईतलं उरलेलं," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या उल्हासनगरसारखंच." मी चमकले. पुढच्या स्टेशनाचं ते गाव युद्धकाळातल्या कल्याणच्या लष्करी छावणीवरच वसलं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्या बराकींत आले आणि १९४९ मध्ये छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. अजून लोक पत्ता सांगताना 'कॅम्प' म्हणतात. सैनिकांच्या छपराखाली संसार मांडता येतो, तर रडारच्या नळीवर आमटी का तापू नये?

आता विजेचं. यंत्रावर आठशे वॅट लिहिलेले असतात, ती अन्नाला मिळणारी ताकद. विजेतून ते बाराशे-तेराशे ओढतं, आणि कन्व्हेक्शनचं त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा त्याला सोळा अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा, आणि तो यंत्राच्या थेट पाठीशी न घेता शेजारच्या कपाटात घ्यावा, म्हणजे गरज पडली की बंद करता येतो. आमच्या वायरमनने अर्थिंग तपासलं आणि मान हलवली. इमारत चाळीस वर्षांची. अर्थिंगच्या खड्ड्याकडे कितीतरी वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. सोसायटीच्या सभेत मी तो विषय काढला, तेव्हा कुरकुर झाली. पण खड्डा नवा झाला आणि फायदा सगळ्या बिऱ्हाडांना मिळाला.

यंत्र बसलं. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे शिकलो. लहरी अन्नाच्या वरच्या इंचभरातच पोचतात, म्हणून भात कडेने पसरायचा, मधे खळगा ठेवायचा आणि अर्ध्यावर ढवळायचं. पोळी नुसती ठेवली तर चामडं होते. ओलसर फडक्यात गुंडाळून पंधरा सेकंद पुरे. पुरणपोळी वरून कोमट लागते आणि आतलं पुरण जीभ पोळतं. अंडं सालासकट कधीही ठेवायचं नाही, फुटतं. उडदाचा पापड मात्र तेलाशिवाय मिनिटभरात फुलतो. फोडणी आणि भाकरी गॅसवरच. त्यासाठी संध्याकाळी आम्ही घरी असताना रेग्युलेटर उघडतो आणि सासूबाई पूर्वीसारख्या शेगडीपुढे उभ्या राहतात. तो हक्क आम्ही काढून घेतलेला नाही.

त्या तीस सेकंदांच्या बटणावर त्यांनी आपली लाल टिकली चिकटवली. दूरवरूनही दिसते.

परवा ऑफिसात उशीर झाला, गाड्याही रखडल्या. घरी पोचायला साडेनऊ वाजले. ओट्याकडे वळले, तर सासूबाईंनी हात आडवा केला. "बस. पाय धुऊन ये. मी वाढते."

मी त्याच स्टुलावर बसले. त्यांनी दोन्ही कान धरून वाडगा आत ठेवला, टिकली दोनदा दाबली आणि दिवा लागलेल्या त्या खिडकीकडे पाहत उभ्या राहिल्या. मिनिटभराने ताट माझ्यापुढे आलं. भातावरचं तूप वितळून कडेला उतरलं होतं.