स्वराज्याचे सात खंड, वाचणारे पाच-सहा : जुनी कादंबरी-मालिका सोबतीने का आणि कशी वाचावी?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत रांजणगाव-कुरकुंभच्या शिफ्ट करणारे, पुण्याला रेल्वेने रोज ये-जा करणारे आणि शेती सांभाळणारे, सगळ्यांचीच तक्रार एक असते. जाड पुस्तक हाती घेतले की पन्नास पानांनंतर सुटते. मग सात खंडांची मालिका कशी संपणार? यावर जुना आणि बिनखर्ची उपाय आहे : ती चार जणांनी मिळून वाचणे.

मालिका कोणती?

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (1882-1928). शिकारीसाठी सिंहगडावर गेले असताना ते कड्यावरून पडले आणि कमरेखाली अधू झाले. पुढे लेखणी हीच त्यांची ओळख झाली. 1920 च्या दशकात त्यांनी स्वराज्यावर सात कादंबऱ्या लिहिल्या. मालिका 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासून सुरू होते आणि 'स्वराज्यातील दुफळी'पर्यंत जाते. नुसत्या नावांवरूनही स्वराज्याच्या उभारणीपासून फुटीपर्यंतचा प्रवास कळतो.

एकत्र वाचणे नवे आहे का?

अजिबात नाही. चातुर्मासात देवळात श्रीधरांचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लागतो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि रोज ठरलेला अध्याय होतो. मराठी कादंबरीही हप्त्यांतच वाढली. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले. त्यांची 'उषःकाल' ही शिवकाळावरची कादंबरी त्यातच क्रमशः आली. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत आणि तोवर झालेल्या भागावर बोलत. जाड कादंबरी एका दमात संपवायची, ही अट पुस्तकाने घातलेली नाही. ती आपणच लावून घेतली आहे.

याच भागात त्याचा उपयोग काय?

स्वराज्याच्या कथेतला सर्वांत दुःखद भाग याच भीमाकाठी घडला. दौंड तालुक्यासमोर, नदीपलीकडे श्रीगोंदा तालुक्यात पेडगावचा किल्ला आहे. तोच तेव्हाचा बहादुरगड. फेब्रुवारी 1689 मध्ये कैद केलेल्या संभाजी महाराजांना तिथे औरंगजेबासमोर आणले. मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांची समाधी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला आहे. इथल्या वाचकाला हा काळ परका नाही. पण त्यामुळेच कादंबरीतला प्रसंग इतिहास म्हणून मनात बसण्याचा धोकाही इथे जास्त आहे.

असे पूर्वी झालेले आहे. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशेच्या आसपास वर्षांनी लिहिली गेली. तिच्यासारख्या लेखनावरून व्यसनी, बेजबाबदार राजाचे चित्र रूढ झाले. नाटके आणि कादंबऱ्यांनी ते घरोघरी नेले. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागदपत्रे तपासून 1960 मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा ते चित्र बदलू लागले. म्हणजे एका राजाची बदनामी दीडशे वर्षे चालली आणि ती मुख्यतः गोष्टींमधून पसरली.

नाथमाधवांनी बेंद्र्यांच्या ग्रंथाच्या कितीतरी आधी लिहिले. त्यांच्यापुढे तेव्हाचीच माहिती होती. एकटा वाचक कथेच्या ओघात हे विसरतो. गटात मात्र कुणीतरी विचारतेच, "हे खरेच घडले, की लेखकाने रचले?"

गट कसा चालवायचा?

- पाच ते आठ जण पुरेत. त्याहून जास्त झाले की बोलणारे दोघे आणि ऐकणारे बाकीचे, असे होते.
- हप्ता लहान ठेवा. खंड 300 पानांचा धरला, तर रोज 10 पानांनी तो 30 दिवसांत संपतो. सात खंडांना सात महिने लागतील. ऊसतोडीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत निम्मी गती चालेल.
- एकाने मोठ्याने वाचावे. शंभर वर्षांपूर्वीची भाषा डोळ्यांना जड वाटते, पण कानांना सोपी जाते. वेळ जुळत नसेल, तर प्रकरण आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावे.
- एक वही ठेवा, तीन रकाने करा : अडलेले शब्द, गावे-किल्ले आणि 'तपासायचे'. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा.
- एकाकडे इतिहासाचे काम द्या. त्याने बेंद्र्यांचे चरित्र किंवा सभासदाची बखर सोबत वाचावी आणि आठवड्याच्या बैठकीत फरक सांगावा.
- पुढचे आधी सांगू नका. शेवट सर्वांना ठाऊक असला, तरी लेखक तिथे कसा पोहोचतो, हेच वाचायचे असते.

पुस्तके कुठून मिळतील?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 खाली राज्यात अ, ब, क, ड अशा वर्गांची अनुदानित वाचनालये चालतात. आपल्या गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात आधी चौकशी करावी. गटाने मिळून मागणी केली, तर ग्रंथपालालाही खरेदीसाठी आधार मिळतो.

प्रत एकच असेल तर?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी प्रताधिकार संपतो. आपटे 1919 मध्ये आणि नाथमाधव 1928 मध्ये गेले. त्यामुळे त्यांच्या मूळ मजकुराची झेरॉक्स काढायला किंवा तो वाचून रेकॉर्ड करायला अडचण नाही. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रे यांचे हक्क मात्र वेगळे असतात. ती पाने सोडून द्यावीत. अलीकडच्या लेखकांच्या कादंबऱ्यांना ही मुभा नाही, त्या विकत किंवा वाचनालयातूनच घ्याव्यात.

पहिला खंड संपला की वहीतला 'तपासायचे' रकाना घेऊन गटाने एक रविवार वढू किंवा पेडगावला जावे. दुसरा खंड त्यानंतर उघडावा.